तीन घाण्यांचं गाणं

मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मळवली, भाजे, पाटण, लोहगडवाडी इथल्या पोरांनी ते माझ्याकडून नीट शिकून घेतलं आणि परीक्षेला जाताना आठवणीनं घरी ठेवलं. त्या सगळ्यांत भिमाजी सर्वांत सरळ. दहावीला इंग्रजीत तो तीनदा नापास झाला आणि तिन्ही वेळा निकालाच्या दिवशी स्वतः येऊन मला सांगून गेला. "दुसऱ्याकडून कळलं तर तुमाला वाईट वाटंल, बाई," असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या वेळी सहा मार्क पडले होते. त्यातले चार अक्षर चांगलं म्हणून दिलेले असावेत.

चौथ्यांदा फॉर्म भरण्याऐवजी त्यानं लोहगडाच्या पायऱ्या सुरू होतात त्याच्या जरा अलीकडे ताडपत्री बांधली आणि चूल मांडली. कांदाभजी, चहा, लिंबू सरबत, सांगितलं तर पिठलं-भाकरी. आज माझ्या एवढ्या विद्यार्थ्यांत सलग साडेसात मिनिटं न अडखळता इंग्रजी म्हणू शकेल असा तो एकटाच आहे. त्यातलं एक अक्षर त्याला कळत नाही. पण इंग्रजी न कळता ते बोलणारे आमच्या स्टाफरूममध्येही होते, त्यांना पगार मिळायचा.

हे इंग्रजी त्याच्याकडे आलं ते एका स्पीकरमधून. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्याच्या ट्रेकर मुलांचा एक घोळका भजी खाऊन गेला आणि टमरेलाएवढा स्पीकर बाकड्यावर विसरला. भिमाजीनं तो खिळ्याला टांगला. नुसता टांगून मालकाच्या लक्षात येणार नाही, म्हणून चालू करून टांगला. आतल्या कार्डात एकच गाणं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानावर पडेल, ज्याचं असेल तो ओळखून घेऊन जाईल, असा त्याचा हिशेब. दर शनिवार-रविवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच एक गाणं. मालक काही आला नाही. वर्षभरानं माझ्या लक्षात आलं की आता मालक आला असता तर भिमाजीनं त्याला ओळख दिली नसती.

गाणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. सत्तरच्या दशकातला कुठलासा विलायती रॉक बँड. मी पुण्यात कॉलेजला असताना शेजारच्या होस्टेलमधली लांब केसांची मुलं ते रात्रंदिवस लावायची आणि त्यातली बरीचशी पुढे बँकेत लागली. आधी गिटार हळूहळू टिपं गाळते, मग ढोल येतात, मग गायक एक किंकाळी फोडतो, उरलेली कडवी म्हणतो, आणि मग ती गिटार दोन मिनिटं थांबायचं नाव घेत नाही. अर्थ विचाराल तर एका गायकाची तक्रार आहे. लोक रोज आपल्याकडून तेच गाणं म्हणून घेतात, टाळ्या वाजवतात, आणि आता मला माझंच गाणं ऐकू येत नाही, असं तो साडेसात मिनिटं सांगतो. बाकीच्या जगाला दुपारच्या जेवणाची काळजी आणि याला टाळ्यांचा त्रास. मला त्याची कधी दया आली नाही.

हे सगळं मी भिमाजीला समजावून सांगायला किती वेळा तोंड उघडलं असेल. अर्थ सांगायची खोड निवृत्तीनंतरही जात नाही. पण तो झारा आडवा धरायचा.

"नका सांगू, बाई. अर्थ कळला की मग त्याच्यावर प्रश्न येत्यात."

मी आता लोणावळ्यात राहते. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय आणि चालायला सांगितलंय. म्हणून मी दर बुधवारी लोकलनं मळवलीला उतरते, रिक्षानं वर जाते, शेवटचं वळण तेवढं चालते आणि भिमाजीकडे एक प्लेट भजी खाते. चालले हे मी डॉक्टरांना सांगते. बुधवारी गडावर कोणी नसतं. दुपारी दोनच्या सुमाराला भिमाजी खालच्या भागुबाईच्या दुकानातून आणलेलं बॉबीचं पाकीट काढतो आणि आम्ही दोघं ताडपत्रीमागच्या दगडावर बसतो. बॉबी म्हणजे त्या पिवळ्या पोकळ नळ्या. पाच रुपयांचं पाकीट. शाळेत मी त्या मुलांच्या दप्तरातून जप्त करायची आणि पुढे त्यांचं काय व्हायचं हे सांगण्याचं मला कारण दिसत नाही. लोणावळ्यात राहून चिक्की का खात नाही असं पाहुणे विचारतात. चिक्की ही पाहुण्यांच्या हातात द्यायची वस्तू आहे. आमच्याकडे कुणी ती विकत घेऊन खात नाही.

भिमाजी स्वतःची भजी खात नाही. "त्यात काय घातलंय ते मला ठावं हाय," असं सांगतो. तो बॉबी खातो, आणि खायची त्याची रीत आहे. गाणं लावायचं. ढोल येईपर्यंत पाकीट फोडायचं नाही. मग डाव्या हाताच्या पाची बोटांत एकेक नळी घालायची. किंकाळी झाली की अंगठ्यापासून सुरुवात, गिटार संपताना करंगळी. डोळे मिटलेले असतात. पन्नाशीला टेकलेला, दोन मुलींची लग्नं केलेला माणूस बोटांत पिवळ्या नळ्या घालून डोळे मिटून बसलाय हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. नंतर हसू यायचं थांबलं आणि मीही बोटांत घालू लागले. त्या साडेसात मिनिटांत त्याच्याइतका सुखी माणूस आख्ख्या मावळात नसेल, हे मी शपथेवर सांगेन.

त्याची बायको कस्तुराबाई मात्र त्या गायकाला 'बोंबल्या' म्हणते. "लावा, लावा तुमच्या बोंबल्याला," म्हणत ती कांदा चिरायला घेते. ती म्हणते ते खोटं नाही. पण धंदा त्याच बोंबल्यावर चालायचा. ओल्या सरपणाच्या धुरात कढईकडे डोळे लावून बसता येत नाही, म्हणून भिमाजी गिऱ्हाइकाकडे तोंड करून गप्पा मारतो आणि भजी कानानं तळतो. पहिली टिपं गळायला लागली की पहिला घाणा तेलात. ढोल आले की उलटायचा. किंकाळीला बाहेर, दुसरा आत. गिटारीच्या सुरुवातीला दुसरा बाहेर, तिसरा आत. गाणं संपलं की तिसरा ताटात. एका गाण्यात तीन घाणे, आणि तीस सेकंद इकडेतिकडे नाही. मी शाळेची घंटा एवढी वेळेवर वाजलेली कधी ऐकली नाही.

तर असं सगळं ठीक चाललेलं असताना पार्किंगजवळ काचेचं कॅफे झालं. तिथे भज्यांना इंग्रजी नाव मिळालं आणि त्या नावाचे वेगळे पैसे. भिमाजीची गर्दी अर्ध्यावर आली. कस्तुराबाईच्या भावानं, गोरखनं, लोणावळ्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यावर वॉचमनची जागा बघून ठेवली. गेटशेजारी खोली, बारा तासांची पाळी, खाकी कपडे, शिट्टी. मालक वर्षातून दोनदा येणार, बाकी दिवस बंद बंगल्याला सलाम. कस्तुराबाईनं दिवाळीपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. दिवाळी झाली. भिमाजी मला म्हणाला, "बाई, तितं स्पीकर लावू देत न्हाईत. विचारलं मी."

आणि तेव्हा श्रीयश आला. पुण्याचा, तिशीतला. चांगली कंपनीतली नोकरी सोडून त्यानं लोकांना डोंगर चढवण्याची कंपनी काढली होती. शनिवार-रविवार चाळीस-पन्नास माणसांचा नाश्ता, होळीपर्यंत, सगळा भिमाजीकडे. अट एकच.

"काका, फील पाहिजे," तो म्हणाला. "लोक शहराला कंटाळून येतात. चूल आहे, बेस्ट. तुम्ही फेटा बांधा. मावशी जात्यावर बसतील. आणि ते इंग्लिश गाणं बंद करा प्लीज. मी बासरी पाठवतो, ती लावा."

"फेटा लग्नात बांधत्यात," भिमाजी म्हणाला.

"हो, पण फील येतो ना."

कस्तुराबाईचं जातं गेली पंधरा वर्षं न्हाणीत पाय घासायचा दगड म्हणून कामाला होतं. ते घासून वर आणलं. दळायचं काय, असं तिनं विचारलं, तर श्रीयश म्हणाला काही नाही, नुसतं फिरवा. म्हणून पहिल्या शनिवारी सकाळी साडेसात वाजता नऊवारी नेसलेली कस्तुराबाई, जिच्या घरात मिक्सर आहे, थंडीत बसून रिकामं जातं फिरवत होती. मला भिमाजीनं मुद्दाम बोलावलं होतं. साहेब इंग्रजीत बोलला तर असावं कुणी, म्हणून. मी आदल्या रात्री त्यांच्याकडेच मुक्कामाला होते. स्पीकरमधून बासरी वाजत होती. ती ना सुरू झाल्यासारखी वाटत होती, ना संपल्यासारखी.

बेचाळीस माणसं आली. सगळ्यांच्या पाठीवर हिमालयात जायच्या पिशव्या, समोर लोहगडाच्या पायऱ्या. त्यांनी चुलीचे फोटो काढले, जात्याचे काढले, माझेही काढले. मी आजी म्हणून बऱ्यापैकी फील देत असणार. भिमाजीनं पहिला घाणा सोडला आणि सवयीनं त्यांच्याकडे वळून गप्पा सुरू केल्या. फेटा एका डोळ्यावर आला होता. बासरी आपली चालली होती. तिच्यात ढोल येईनात. भिमाजीचा झारा धरलेला हात हवेत थांबला, मग घाईनं खाली गेला आणि घाणा बाहेर आला.

भजी आतून कच्ची होती. मी एक तोंडात घातलं आणि पीठ दाताला चिकटलं. माझ्या शेजारचा गृहस्थ डोळे मोठे करून म्हणाला, "वा, किती ऑथेंटिक टेक्स्चर आहे." दुसरा घाणा भिमाजीनं मनात आकडे मोजत तळला. मोजताना एकानं सरबत मागितलं, आकडा चुकला, भजी काळी झाली. तेव्हा तोच गृहस्थ म्हणाला की चुलीचा स्मोकी फ्लेवर उतरलाय. माणूस पैसे भरून आला की काय काय खाऊ शकतो हे मला त्या दिवशी समजलं. पण तिसऱ्या घाण्याला प्रेरणा नावाच्या एका शहाण्या मुलीनं प्लेट परत आणून ठेवली. "काका, आत कच्चं पीठ आहे हो," एवढंच ती हळू म्हणाली. मग आणखी सहा-सात प्लेटा परत आल्या.

श्रीयशनं भिमाजीला ताडपत्रीमागे नेलं. मी दगडावर बसून ऐकत होते. तो वाईट मुलगा नाही. आवाज न चढवता म्हणाला, "काका, असं असेल तर मला उद्यापासून दुसरीकडे बघावं लागेल. खाली कॅफेवाले तयार आहेत."

भिमाजी येऊन चुलीपुढे बसला. फेटा सारखा केला. त्याचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी व्हायचा तसा झाला होता, आणि मला तो बघवेना. त्याला खाकी कपडे दिसत असणार, गेट दिसत असणार.

जातं फिरायचं थांबलं. कस्तुराबाई जागेवरूनच बोलली. "म्हणा की तुमचं ते."

"साहेब नको म्हणलाय."

"डबा बंद करा म्हणलाय. तोंड बंद करा म्हणलाय व्हय? म्हणा तोंडानं. कांदा वाया चाललाय माझा."

त्यानं बासरी बंद केली. घाणा सोडला आणि अगदी पुटपुटल्यासारखं सुरू केलं. आधी गिटारीची टिपं, तोंडानं. मग शब्द. माझ्या विद्यार्थ्याचं इंग्रजी, एकही शब्द न गाळता, मावळी वळणानं, फेट्याखालून. ढोल आले तेव्हा डाव्या हातानं त्यानं पिठाच्या डब्यावर धरले आणि उजव्यानं घाणा उलटला. किंकाळी आली. ती त्यानं गडाकडे तोंड करून फोडली, कारण माणसांकडे तोंड करायची त्याला लाज वाटली असावी. वरच्या पायऱ्यांवरची माणसं थांबून खाली बघायला लागली. मग दोन मिनिटं गिटार, ट्यांव ट्यांव, जीभ टाळूला लावून. तीन घाणे उतरले. तिन्ही सोन्यासारखे. बेचाळीस माणसं गप्प होती आणि बेचाळीस फोन वर होते. मी आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्याचं इतकं कौतुक वाटून घेतलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले आणि ते धुरावर ढकललं.

श्रीयशच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण तो धंद्याचा माणूस, त्यानं ते लवकर पुसलं. "काका," तो म्हणाला, "हेच पाहिजे. दर शनिवार-रविवार. साडेसातला, नऊला आणि अकराला."

पुढचं सगळं चांगलंच झालं. फोनमधला भिमाजी कुठे कुठे पोचला. होळीपर्यंतचं काम वर्षभराचं झालं. ताडपत्रीच्या जागी पत्रे आले. फेटेवाल्या भिमाजीचा फलक आला. वॉचमनच्या जागेवर गोरखनं दुसऱ्या कुणाला तरी चिकटवलं, आणि तो आता भाऊजींनी नोकरी नाकारली हे आपल्याच दूरदृष्टीनं झालं असं सांगत फिरतो. किंकाळी माणसांकडे तोंड करून फोडावी, अशी श्रीयशनं सूचना केली. नंतर, ती दोनदा आली तर व्हिडिओ चांगला येतो, अशीही केली. भिमाजीनं दोन्ही ऐकल्या. मूळ गाणं मध्येच वाढवल्यानं दुसरा घाणा करपू लागला, तर श्रीयशनं स्वयंपाकघरात ठेवतात ते टिंग वाजणारं घड्याळ आणून दिलं. कस्तुराबाईसाठी नवं जातं आलं, हलकं, आतून पोकळ. ती आता त्या गायकाला बोंबल्या म्हणत नाही. घर चालवणाऱ्या माणसाला नावं ठेवायची तिची पद्धत नाही.

मधले दोन महिने माझं गुडघ्याचं निघालं, जाणं झालं नाही. फेब्रुवारीत एका बुधवारी गेले. गडावर कोणी नव्हतं. भिमाजीनं माझ्यासाठी एक घाणा सोडला आणि कढईकडे न बघता गप्प उभा राहिला. टिंग वाजलं. भजी काढली. उत्तम होती, त्यांत नाव ठेवायला जागा नव्हती. स्पीकर खिळ्यावर नव्हता. फळीवर होता, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला.

दोन वाजले. आम्ही मागच्या दगडावर बसलो. त्यानं बॉबीचं पाकीट काढलं, लगेच फोडलं आणि दोघांच्या मध्ये ठेवलं. एक नळी काढून शेंगदाणा खावा तशी खाल्ली.

"गाणं नाही लावत?" मी विचारलं.

"शनवारी हायेच की, बाई." तो खालच्या पवनेच्या पाण्याकडे बघत होता. "लावलंतं एकदा मागल्या बुधवारी. वाजत व्हतं आपलं. मी बसलोतो. संपल्यावर ध्यानात आलं का संपलंय."

त्यानं आणखी एक नळी खाल्ली.

"त्याचा अर्थ काय वो, बाई? इतकी वर्सं तुमी सांगायला बघत व्हता. आता सांगा. तीन-तीनदा म्हणतोय, तर कळाया पायजे."

बत्तीस वर्षं मी अर्थ सांगण्याचाच पगार घेतला. विचारलं नसताना सांगितले, वर्गाबाहेर सांगितले, लग्नाच्या पंगतीत सांगितले. आणि हा अर्थ तर मला ओळीनं पाठ होता. त्या केसाळ माणसाची मी पन्नास वर्षं टिंगल केली होती. तो मला त्या क्षणी दगडावर आमच्या शेजारी बसल्यासारखा वाटला, आणि मला त्याची माफी मागावीशी वाटली.

मी पाकिटातली एक नळी घेऊन करंगळीत घातली.

"तुला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून मीच सांगते," मी म्हणाले. "मला नाही येत रे त्याचा अर्थ."

भिमाजीनं माझ्याकडे पाहिलं. मग पाकीट माझ्या बाजूला सरकवलं.

"म्हंजी तुमी बी नापास," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. खावा."